पडद्यावरचा आकडा बांधलेला हवा, चिकटवलेला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापे आणि रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी मशीनवरच्या टच पॅनेलचे प्रोग्रॅम लिहिण्याचं काम मी बरीच वर्षं करते. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने घणसोलीला उतरायचं, तिथून शेअर रिक्षा, असा माझा रोजचा रस्ता. आपल्या दैनिकात सॉफ्टवेअरबद्दल जे छापून येतं ते बहुतेक नोकऱ्या, पगार आणि एआय यांच्याभोवती असतं. मला एका लहानशा तांत्रिक गोष्टीबद्दल लिहायचं आहे. तिच्यापायी एका ऑपरेटरवर खोटेपणाचा ठपका आला, आणि खरा दोष प्रोग्रॅममधल्या एका बरोबरच्या (=) चिन्हात होता.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे कूलिंगच्या पाण्याची टाकी आहे. टाकीत लेव्हल सेन्सर, तो पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला जोडलेला, आणि पंपाशेजारी भिंतीवर पॅनेल. पॅनेलवर टाकीचं चित्र: पाणी जितकं तितका निळा भाग, बाजूला टक्केवारी. पंप जुना, त्याला ड्राय रन प्रोटेक्शन, म्हणजे पाणी संपलं की आपोआप बंद होण्याची सोय नाही. लेव्हल वीस टक्क्यांखाली गेली की ऑपरेटरने पंप बंद करायचा आणि भरणीचा व्हॉल्व्ह बघायचा, अशी तिथली पद्धत. रात्रपाळीच्या ऑपरेटरने नेहमीप्रमाणे दर तासाला लॉगबुकात लेव्हल लिहिली. ७२. पुढच्या तासाला ७२. रात्रभर ७२. पहाटे पंप कोरडा चालला आणि त्याचं मेकॅनिकल सील जळालं. झाकण उघडून पाहिलं तर टाकीचा तळ दिसत होता.

सकाळी साहेबांनी लॉगबुक मागवलं आणि निकाल तिथल्या तिथे लागला. सगळ्या रकान्यांत एकच आकडा म्हणजे हा माणूस रात्रभर झोपला आणि उजाडल्यावर बसून एका दमात रकाने भरले. ठेकेदाराकडचा माणूस, त्याची बाजू कोण घेणार? मेमो मिळाला, सीलचे पैसे पगारातून कापायचं ठरलं. तो सांगत होता की पॅनेलवर ७२ दिसत होते म्हणून मी ७२ लिहिले. कोणी ऐकून घेतलं नाही.

मला बोलावलं ते दुसऱ्याच कामासाठी. लेव्हल कमी झाली की हूटर वाजावा, अशी सोय करून हवी होती. मी गेले तेव्हा टाकी काठोकाठ भरली होती, वरच्या पाइपातून पाणी वाहत होतं, आणि पॅनेलवर अजूनही ७२ टक्के होते. लॅपटॉप जोडून पीएलसीचा रजिस्टर, म्हणजे त्याच्या आत आकडा साठवायची जागा वाचली, तिथे ९८. सेन्सर ठीक, वायरिंग ठीक, पीएलसी ठीक. पॅनेलची वीज वेगळ्या यूपीएसवर असल्यामुळे सील बदलताना ते बंद झालं नव्हतं, हे त्या ऑपरेटरचं नशीब. कोणी पॅनेल बंद करून चालू केलं असतं तर आकडा परत खरा झाला असता आणि त्याच्या बाजूचा एकमेव पुरावा गेला असता.

हे कसं झालं ते कळायला पॅनेलचा प्रोग्रॅम कसा लिहितात हे थोडं सांगावं लागेल. वाचकांनी कंटाळू नये, कारण लिफ्टमध्ये, पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या पंपघरात, गाडीच्या डॅशबोर्डवर रोज आपण जे आकडे बघतो ते याच जातीच्या प्रोग्रॅममधून येतात.

मी या कामात आले तेव्हाची रीत अशी होती की सेन्सरचा नवा आकडा आला की प्रोग्रॅमरने पडद्यावरची एकेक जागा गाठून तो लिहायचा. निळ्या भागाची उंची बदल. टक्केवारीचा मजकूर बदल. वीसच्या खाली असेल तर रंग लाल कर. दुसऱ्या पानावर हाच आकडा छोट्या अक्षरात असेल तर तिथेही बदल. एखादी जागा राहून गेली की तिथे जुना आकडा ठाण मांडून बसायचा. साइटवरून येणारे फोन बहुतेक याच प्रकारचे असायचे: मॅडम, एका पानावर एक दिसतंय, दुसऱ्या पानावर भलतंच.

डिक्लरेटिव्ह पद्धत आली आणि हा त्रास संपला. इथे 'हे बदल, मग ते बदल' असं सांगावं लागत नाही. निळ्या भागाची उंची म्हणजे टाकीच्या चित्राची उंची गुणिले लेव्हल भागिले शंभर, एवढं सूत्र एकदा लिहायचं. आधी प्रॉपर्टीचं, म्हणजे उंची, रंग, मजकूर अशा गुणधर्माचं नाव, मग दोन ठिपके, मग सूत्र. लेव्हल कधी बदलेल, कोण बदलेल, किती वेळा बदलेल, याची फिकीर करायची नाही. ती बदलली की उंची बदलणार. याला प्रॉपर्टी बाइंडिंग म्हणतात.

त्याच्या आत काय चालतं ते मला सांगावंसं वाटतं, कारण ते फार सुंदर आहे आणि कॉलेजात कोणी सांगत नाही. मी वापरते ती भाषा क्यूएमएल. क्यूटी ही नॉर्वेत सुरू झालेली सॉफ्टवेअरची चौकट १९९५ साली लोकांच्या हाती आली. २०१० मध्ये, ती नोकियाकडे असताना, ४.७ आवृत्तीत क्यूएमएल आली. क्यूएमएलचं इंजिन सूत्र सोडवताना त्यात कोणकोणत्या प्रॉपर्टी वाचल्या गेल्या याची नोंद करतं. बदलणाऱ्या प्रत्येक प्रॉपर्टीला 'मी बदलले' असं सांगणारा सिग्नल असतो. इंजिन त्या सिग्नलकडे कान लावून बसतं. सिग्नल आला की सूत्र पुन्हा सोडवायचं आणि नोंदही पुन्हा करायची. नोंद दर वेळी नव्याने होते, यात मोठी खुबी आहे. समजा सूत्र असं आहे: मॅन्युअल चालू असेल तर हाताने दिलेला वेग, नाहीतर पीएलसीने दिलेला. मॅन्युअल चालू असेपर्यंत इंजिन पीएलसीच्या वेगाकडे ढुंकूनही बघत नाही. मॅन्युअल बंद झालं की त्याच क्षणी तो वेग यादीत येतो आणि हाताने दिलेला यादीतून जातो. प्रोग्रॅमरने यासाठी एक अक्षरही जादा लिहिलेलं नसतं.

आता त्या पॅनेलकडे येते. कोपऱ्यात 'टेस्ट' असं एक बटण होतं. दाबलं की टाकीचं चित्र पूर्ण भरायचं आणि दोन सेकंदांनी परत जागेवर यायचं. कमिशनिंगच्या वेळी, म्हणजे पॅनेल बसवून पहिल्यांदा चालू करताना, रंग आणि कडा नीट दिसतात का हे बघायला कोणीतरी घातलं आणि काढायचं राहून गेलं. पॅनेल दुसऱ्या कंपनीने बसवलेलं. बटणामागे दोनच ओळी होत्या. पहिली: लेव्हलबारची (म्हणजे टाकीच्या त्या चित्राची) व्हॅल्यू बरोबर शंभर. दोन सेकंदांनी चालणारी दुसरी: लेव्हलबारची व्हॅल्यू बरोबर सेन्सरची लेव्हल.

दुसरी ओळ वाचणाऱ्याला बिनचूक वाटते. सेन्सरची लेव्हलच तर परत दिली आहे, मग काय बिघडलं? बिघडलं ते असं की बटणाच्या हँडलरमधलं, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या ओळींमधलं बरोबरचं चिन्ह सूत्र बांधत नाही. ते त्या क्षणाचा आकडा उचलून ठेवतं. आणि बांधलेल्या प्रॉपर्टीला असा नुसता आकडा दिला की क्यूएमएल आधीचं बाइंडिंग सोडून देते. पहिल्या ओळीतच ते सुटलं. दुसऱ्या ओळीने ७२ आणून चिकटवले. बटण दाबलं त्या वेळी टाकीत खरोखर ७२ टक्के पाणी होतं, म्हणून दाबणाऱ्याला सगळं जागच्या जागी आल्यासारखं दिसलं. पॅनेल पुसताना संध्याकाळी बटणाला बोट लागलं असं मदतनीस मुलाने सांगितलं. त्याची काही चूक नाही, बटण दाबण्यासाठीच असतं. टक्केवारीचा मजकूर लेव्हलबारला बांधलेला होता आणि ते बाइंडिंग शाबूत होतं. म्हणजे चित्र आणि आकडा एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. दोन जागी दोन आकडे दिसले असते तर ऑपरेटरला संशय तरी आला असता.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. लेव्हलबारच्या व्हॅल्यूला कोणीही हात लावायचा नाही. 'टेस्ट चालू' अशी खरं-खोटं सांगणारी एक वेगळी प्रॉपर्टी घ्यायची आणि सूत्रच असं लिहायचं: टेस्ट चालू असेल तर शंभर, नाहीतर सेन्सरची लेव्हल. बटणाने फक्त 'टेस्ट चालू' खरं करायचं आणि दोन सेकंदांनी खोटं करायचं. बाइंडिंग जन्मभर तसंच राहतं. हँडलरमधूनच काही द्यायची वेळ आली तर आकड्याऐवजी सूत्र द्यायची सोय क्यूएमएलमध्ये आहे, तिचं नावच 'क्यूटी डॉट बाइंडिंग'. ठरावीक अट पाळली जात असेपर्यंतच बांधून ठेवणारा 'बाइंडिंग' नावाचा वेगळा घटकही आहे. पण मी माझ्या हाताखालच्या मुलांना पहिला मार्गच सांगते. सगळ्या शक्यता एका सूत्रात डोळ्यांसमोर असल्या की सहा महिन्यांनी ती फाइल उघडणाऱ्याला आकडा कुठून येतो हे शोधत बसावं लागत नाही.

क्यूटीवाल्यांनी हे लपवून ठेवलेलं नाही. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे. ५.१० आवृत्तीपासून अशा सुटलेल्या बाइंडिंगची नोंद लॉगमध्ये मागता येते, फाइल आणि ओळीच्या क्रमांकासह. पण ती मुद्दाम चालू करावी लागते आणि मी पाहिलेल्या प्रोजेक्टांत ती क्वचितच चालू असते. दुसरा एक इशारा मात्र आपणहून येतो. क्यूएमएलच्या जोडीला वापरतात त्या सी प्लस प्लस भाषेतल्या एखाद्या प्रॉपर्टीला बदलाचा सिग्नलच दिलेला नसेल आणि ती सूत्रात वापरली, तर इंजिन कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रॅमरसाठीच्या संदेशांच्या खिडकीत तक्रार छापतं. उंची रुंदीवर आणि रुंदी परत उंचीवर बांधली, तर 'बाइंडिंग लूप' म्हणूनही ओरडतं. पण पॅनेल एकदा भिंतीवर लागलं की त्याचा कन्सोल कोण वाचणार? शिवाय सिग्नल दिलेला आहे, पण व्हॅल्यू बदलताना तो पाठवायचाच राहिला, तर कुठेच काही छापलं जात नाही. यादीत जागच्या जागी एक नोंद वाढवली तरी तसंच: यादी तीच राहते, सिग्नल जात नाही, पडद्यावर जुनीच यादी. याच्यामुळे गोंधळलेली किती तरी मुलं मी पाहिली आहेत.

इतर चौकटींत काय होतं तेही सांगते, म्हणजे ही एका भाषेची खोड आहे असा समज होणार नाही. जावाएफएक्समध्ये बांधलेल्या प्रॉपर्टीला हाताने आकडा द्यायला गेलात तर प्रोग्रॅम सरळ नकार देतो, एरर टाकतो. मला ही रीत आवडते. टेस्टचं बटण पहिल्यांदा दाबल्याबरोबर टेबलावरच चूक उघडी पडली असती. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये एकेरी बाइंडिंगवर आकडा दिला की क्यूएमएलसारखंच मुकाट्याने सुटतं. रिअॅक्टमध्ये सुटायला बाइंडिंगच नाही, स्थिती बदलली की पडद्यावरचा तो भाग नव्याने रेखाटला जातो. पण तिथेही वरून आलेला आकडा पोटातल्या घटकाने स्वतःच्या स्थितीत पहिल्यांदा घेऊन ठेवला की तो पहिलाच राहतो, वरचा कितीही बदलो. सगळीकडे रोग एकच आहे: खऱ्या जागेचं नातं सोडून तिची नक्कल घेणं.

संगणकाचं ज्ञान नसलेल्या वाचकांनी आपल्या सोसायटीची मेंटेनन्सची एक्सेल शीट आठवावी. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत थकबाकीवरच्या व्याजाचा रकाना सूत्राने येतो. एका सभासदाला सूट द्यायची म्हणून कोणीतरी शीटमधल्या त्याच्या घरात (सेलमध्ये) सूत्रावर थेट आकडा टाइप केला. त्या महिन्याचं बिल बरोबर निघालं. त्यानंतर थकबाकी वाढली तरी व्याज तेवढंच राहिलं, आणि ऑडिटरने प्रत्येक घरावर क्लिक करून पाहिलं तेव्हा ते सापडलं. पॅनेलमध्ये झालं ते नेमकं हेच, फक्त इथे आत सूत्र आहे की आकडा हे क्लिक करून बघता येत नाही.

कल्पना तशी जुनी आहे. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा चित्र काढायचा प्रोग्रॅम केला. त्यात दोन रेषा समांतर राहाव्यात असं एकदा सांगितलं की एक हलवल्यावर दुसरी जुळवून घ्यायची. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क हे एक्सेलसारखं शीटचं सॉफ्टवेअर आलं आणि दुकानदारापासून हिशेबनीसापर्यंत सगळ्यांना सूत्राची सवय लागली. व्हिजिकॅल्क ओळीने किंवा रकान्याने मोजत जायचं. त्यामुळे पुढच्या घरावर अवलंबून असलेला मागचा आकडा कधी कधी जुनाच राहायचा आणि 'पुन्हा मोज' म्हणून सांगावं लागायचं. जुन्या आकड्याची ही अडचण इतकी जुनी आहे. कोण कोणावर अवलंबून आहे हे ओळखून त्या क्रमाने मोजायची रीत रुळली आणि ती अडचण बरीच मिटली. आजची इंजिनं याच वाटेवरची आहेत, आणि क्यूटीच्या सहाव्या आवृत्तीपासून तर सी प्लस प्लसमध्येही प्रॉपर्टी अशा बांधता येतात.

काही अनुभवी सहकारी म्हणतात, मग बाइंडिंगच्या भानगडीत पडताच कशाला? टायमर लावा, दर सेकंदाला सगळे आकडे परत लिहा, काही अडकणार नाही. एक टाकी आणि एक पंप असेल तर हे चालतं, मी नाकारत नाही. पण वीस टाक्या, तितकेच पंप आणि चार पानं झाली की टायमरमधली ती यादी कोणाच्याच डोक्यात राहत नाही, आणि विसरलेल्या जागेचा जुना रोग परत येतो. बाइंडिंग सोडू नये. ते कशाने सुटतं हे पहिल्या दिवशी शिकवावं.

ते शिकवलं जात नाही, हे माझं खरं दुखणं आहे. ठाणे, ऐरोली, वाशीकडच्या कॉलेजांतून डिप्लोमा किंवा डिग्री करून आलेली मुलं आमच्याकडे येतात. हुशार असतात, मेहनती असतात. बाइंडिंग म्हणजे काय विचारलं की 'आपोआप अपडेट होतं' असं उत्तर येतं आणि तिथेच थांबतं. मी एक छोटा पडदा समोर ठेवते: एक चौकोन, एक स्लायडर, एक बटण. चौकोनाची रुंदी स्लायडरला बांधलेली, बटण दाबलं की रुंदी दोनशे. आधी बटण दाबलं, मग स्लायडर हलवला, तर काय होईल? बरीच जण म्हणतात, स्लायडरप्रमाणे रुंदी बदलेल. कळव्याहून आलेली एक मुलगी म्हणाली, "सांगता येत नाही मॅडम, करून बघू का?" तिने करून पाहिलं. चौकोन हलेना, तेव्हा स्लायडर पुन्हा पुन्हा ओढून पाहिला, मग बटणाची ओळ वाचली आणि म्हणाली, "इथे तुटलं." तिला आम्ही त्याच दिवशी घेतलं. आज ती एकटीने साइट सांभाळते.

एवढा एक प्रयोग प्रयोगशाळेतल्या जर्नलमध्ये घालायला अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. शिक्षकांनी तास घेऊन दोन्ही बाजू दाखवाव्यात: बांधलं कसं जातं आणि सुटतं कसं. क्यूएमएलच हवी असं नाही. जी चौकट शिकवत असाल तिच्यात नक्कल कुठे होते ते मुलांच्या हातून घडवून आणा. मुलं पुढे हॉस्पिटलच्या मॉनिटरवर काम करतील, चार्जिंग स्टेशनवर करतील, मेट्रोच्या पाट्यांवर करतील. तिथे रिकामा पडदा एक वेळ परवडतो. जुना आकडा ठामपणे दाखवणारा पडदा माणसाला निर्धास्त करतो, आणि ते फार वाईट.

दुसरी विनंती पॅनेल विकत घेणाऱ्यांना, मग ते कारखानदार असोत, सोसायटीची कमिटी असो की सरकारी खातं. पॅनेल ताब्यात घेताना ठेकेदार तुम्हाला चालू करून दाखवतो, सगळे आकडे हलताना दिसतात, तुम्ही सही करता. सही करण्याआधी पडद्यावरचं प्रत्येक बटण एकदा दाबा. ऑटो-मॅन्युअल, टेस्ट, रिसेट, भाषा बदलायचं, सगळी. त्यानंतर मूळ गोष्ट बदला: टाकीतलं पाणी खरोखर सोडा, व्हॉल्व्ह खरोखर फिरवा, आणि पडदा बघा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आकडे तपासून मग बटणं दाबली तर सुटलेलं बाइंडिंग कधीच दिसणार नाही.

आकड्याखाली तो कधी वाचला त्याची वेळही मागा. ती वेळ पीएलसीकडून आलेल्या वाचनाबरोबरची हवी, आणि आकडा आणि वेळ एकत्रच बदलायला हवेत. पॅनेलचं स्वतःचं घड्याळ तिथे लावलं तर आकडा मेलेला असताना वेळ मात्र पुढे पळत राहील आणि बघणारा आणखी फसेल. पीएलसीशी संपर्क तुटला तर शेवटचा आकडा न दाखवता नुसत्या आडव्या रेघा दाखवायच्या, हेही वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. जादा पैसे मागणारा ठेकेदार भेटला तर तो खोटं बोलतो आहे असं समजा. ही अर्ध्या दिवसाची कामं आहेत.

आणि तिसरी गोष्ट त्या ऑपरेटरबद्दल. काय सापडलं ते मी लेटरहेडवर लिहून दिलं: सेन्सर आणि पीएलसी बरोबर, पॅनेलच्या प्रोग्रॅममध्ये दोष, ऑपरेटरने पडद्यावर दिसलं तेच लिहिलं. कापायचे पैसे कापले गेले नाहीत. मेमो मागे घेतल्याचं त्याला तोंडी सांगण्यात आलं. लेखी मात्र काही दिलेलं नाही आणि मेमोची प्रत त्याच्या फाइलमध्ये तशीच आहे. पुढच्या ठेकेदाराने ती फाइल पाहिली तर त्याला काय दिसेल? लॉगबुकात सलग एकच आकडा दिसला की माणसावर जाण्याआधी पडदा आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून बघण्याची पद्धत प्रत्येक कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने घालून द्यावी. ज्याच्या हातात लॅपटॉप नाही, ज्याला आतली ओळ वाचता येत नाही, त्याच्यावरच आकडा खरा असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी टाकणं अन्यायाचं आहे. त्या कारखान्याच्या व्यवस्थापनाने हे पत्र वाचलं तर ते ओळखतीलच. त्यांनी त्याला एक ओळ लिहून द्यावी.

कोणत्याही कॉलेजच्या शिक्षकांना चौकोन-स्लायडरचा तो प्रयोग हवा असेल तर मराठीत पायऱ्यांसह लिहून द्यायला आणि एखाद्या शनिवारी येऊन करून दाखवायला मी तयार आहे. त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा. माझं नाव पत्राखाली छापू नये ही विनंती, कारण त्यावरून कारखाना आणि तो ऑपरेटर ओळखू येतील.

आपली नम्र,
एक पॅनेल प्रोग्रॅमर
नौपाडा, ठाणे